ओबर्लिनची इमारत आणि मीटरचा काटा

आपल्याच कॉलेजच्या सर्वांत गाजलेल्या इमारतीची वीज नेमकी किती जळते, हे भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक मोजायला बसला. हाती आलेला आकडा कॉलेज सांगत होतं त्याच्याशी जुळेना. मग त्याने तो छापला. पर्यावरणपूरक बांधकामाच्या इतिहासात सुंदर इमारतींची कमी नाही. पण ज्या भांडणातून खरोखर काही शिकता येतं, अशी भांडणं फार थोडी. ओबर्लिनचं भांडण त्यांतलं आहे.

ओबर्लिन हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं, क्लीव्हलंडच्या नैर्ऋत्येला असलेलं लहानसं गाव. तिथलं कॉलेज १८३३ सालचं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा ठराव या कॉलेजने १८३५ मध्ये केला, आणि १८३७ मध्ये मुलग्यांच्या बरोबरीने मुलींना पदवीच्या वर्गात बसवलं. बाकीचा देश तयार नसताना एखादी गोष्ट करून टाकायची, ही या कॉलेजची जुनी खोड.

डेव्हिड ऑर हे १९९० मध्ये इथे पर्यावरण अभ्यास शिकवायला आले. त्यांचा मुद्दा साधा होता आणि कुठल्याही प्राध्यापकाला अडचणीत आणणारा होता. वर्गात आपण ऊर्जाबचतीवर व्याख्यान देतो, पण तो वर्ग ज्या इमारतीत भरतो तिला वीज कुठून येते, तिचं सांडपाणी कुठे जातं, तिचं लाकूड कुठल्या जंगलातलं, हे ना शिकवणाऱ्याला ठाऊक ना शिकणाऱ्याला. म्हणजे फळ्यावर एक धडा चाललेला असतो आणि भिंती गुपचूप दुसराच धडा देत असतात: ऊर्जा स्वस्त आहे, कचरा ‘दुसरीकडे’ जातो, आणि त्याची फिकीर आपण करायची नसते. चार वर्षं रोज गिरवलेला हा दुसरा धडाच पक्का बसतो, असं ऑर यांचं म्हणणं. तेव्हा शिकवायचंच असेल तर इमारतीलाच शिक्षक करा.

कॉलेजने परवानगी दिली, पण एका अटीवर. पैसा ऑर यांनी स्वतः उभा करायचा, आणि कॉलेजच्या नेहमीच्या देणगीदारांच्या दारात जायचं नाही. ही अट वाचली की आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक डोळ्यांपुढे येते. सुमारे ७० लाख डॉलरच्या या प्रकल्पाला ज्यांच्या देणगीचा मोठा आधार मिळाला, त्यांचं नाव इमारतीला दिलं गेलं: अ‍ॅडम जोसेफ लुइस सेंटर.

पैसा जमण्याआधी बैठका झाल्या. १९९५ पासून विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावकरी मिळून सुमारे अडीचशे लोकांनी या इमारतीचा विचार केला. वास्तुविशारद ठरायचा होता, नकाशा नव्हता. होते फक्त प्रश्न. सांडपाणी बाहेर न सोडणारी इमारत बांधता येईल का? वापरते त्याहून जास्त वीज ती निर्माण करू शकेल का? माणसाला अपाय करणारी रसायनं तिच्यात अजिबात नसतील असं होईल का? यानंतर विल्यम मॅक्डोना यांची निवड झाली. इमारत झाडासारखी असावी, सूर्यावर जगावी, पाणी स्वच्छ करावं, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. ऑर यांना असाच माणूस हवा होता. मात्र आदर्श इतका उंच टांगला की पुढे कोणीतरी पट्टी घेऊन येणारच, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

इमारत जानेवारी २००० मध्ये वापरात आली. क्षेत्रफळ १३,६०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम कॉलेजच्या एका विंगएवढं. वर्गखोल्या, प्राध्यापकांच्या खोल्या, एक छोटं सभागृह आणि मध्ये दोन मजले उंच काचेचं दालन. लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली, काचा प्रामुख्याने दक्षिणेकडे.

दक्षिणेकडेच का, हे कळायला सूर्य कुठून जातो ते पाहावं लागतं. ओबर्लिन साधारण ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो. असं तिरपं ऊन दक्षिणेच्या काचेतून थेट आत शिरतं, जमिनीवर आणि जाड भिंतींवर पडतं. ती उष्णता त्या साठवतात आणि संध्याकाळी हळूहळू परत देतात. जूनमध्ये दुपारचा सूर्य ७२ अंशांवर असतो, त्यामुळे छपराचा थोडासा पुढे आलेला भागही त्याला अडवायला पुरतो. काच तीच, पण हिवाळ्यात ती शेगडीचं काम करते आणि उन्हाळ्यात सावलीत राहते. यासाठी एक युनिटही वीज लागत नाही.

आता हाच नकाशा उचलून पुण्यात आणला तर? पुणे साडेअठरा अंशांवर. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो, आणि खरा जाच होतो तो चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या भिंतीचा आणि दिवसभर तापणाऱ्या स्लॅबचा. आपल्याला उष्णता आत घ्यायचीच नसते, अडवायची असते. ओहायोतलं काचेचं दालन इथे भट्टी ठरेल. परदेशी मासिकात छायाचित्र पाहून दर्शनी बाजूला काचेची भिंत उभारणाऱ्या आपल्या कितीतरी संस्थांनी नेमकं हेच केलं आहे, आणि आता त्या काचेवर आतून पडदे आणि बाहेर एसीची यंत्रं लटकतात. ओबर्लिनकडून काच घ्यायची नसते, सूर्य पाहून इमारत वळवायची पद्धत घ्यायची असते.

उन्हाने भागत नाही तेव्हा उष्णता जमिनीतून येते. आवारात २४ बोअर घेतले आहेत, प्रत्येक २४० फूट खोल. पाणी काढण्यासाठी नव्हे. त्यांत नळ्या सोडल्या आहेत आणि त्यांतून पाणी फिरत राहतं. इतक्या खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ एकच असतं: बाहेर बर्फ असेल तेव्हा हवेपेक्षा उबदार, उन्हाळ्यात हवेपेक्षा गार. हीट पंप हे यंत्र थंडीत त्या पाण्यातली उष्णता खेचून खोलीत सोडतं आणि उन्हाळ्यात खोलीतली उष्णता जमिनीत नेऊन टाकतं. घरचा फ्रिज हेच करतो. आतली उष्णता बाहेर ओढतो, म्हणून त्याच्या मागची बाजू गरम लागते. इथली खुबी अशी की उष्णता निर्माण करायची नसून फक्त हलवायची असते. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळू शकते. उलट विजेच्या हीटरमध्ये एका युनिटची एकच युनिट उष्णता. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं मूळ त्यात आहे.

सांडपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त भुरळ घालते. जॉन टॉड या जीवशास्त्रज्ञाच्या कल्पनेवर बेतलेला ‘लिव्हिंग मशीन’ नावाचा हा प्रकार काचेच्या खोलीत आहे आणि बाहेरून एखाद्या रोपवाटिकेसारखा दिसतो. शौचालयातलं पाणी आधी बंद टाक्यांत जातं, मग उघड्या टाक्यांत. तिथे उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींची मुळं पाण्यात लोंबत असतात आणि त्या मुळांवर जिवाणूंची वस्ती असते. मैला खातात ते जिवाणू. झाडं त्यांना घर देतात आणि पाण्यातली नत्र-स्फुरदासारखी द्रव्यं थोडीफार शोषतात. शेवटी गाळलेलं, निर्जंतुक केलेलं पाणी परत शौचालयाच्या टाकीत येतं. पिण्याचं पाणी फ्लशला घालायचं नाही, एवढी गोष्ट इथे प्रत्येक पाहुण्याला डोळ्यांनी दिसते. पण ओहायोच्या हिवाळ्यात उष्ण प्रदेशातली झाडं जगवायची म्हणजे खोली ऊबदार ठेवायची, पंप आणि हवा सोडणारे ब्लोअर अखंड चालवायचे. पाणी वाचतं, त्यासाठी वीज जाते. पर्यावरणपूरक इमारतीत असे सौदे पावलोपावली असतात आणि माहितीपत्रकात सहसा त्यांची एकच बाजू छापतात.

सामानाबद्दल थोडक्यात. लाकूड प्रमाणित जंगलांतलं वापरलं. गालिचा विकत घेण्याऐवजी चौकोनी तुकड्यांच्या रूपात जणू भाड्याने घेतला. झिजलेला तुकडा कंपनीने परत न्यायचा आणि त्यातून नवा बनवायचा. कल्पना हुशारीची आहे. खिडक्या आणि यंत्रं यांच्या मानाने तिचं वजन किती, हा वेगळा प्रश्न.

छपरावर ६० किलोवॉटची सौर पॅनेल होती. ती नोव्हेंबर २००० मध्ये सुरू झाली. तोवर कौतुकाचा पूर लोटला होता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने विसाव्या शतकातल्या मैलाचा दगड ठरलेल्या तीस इमारतींत हिचं नाव घातलं. लेख आले, पारितोषिकं आली, आणि वापरते त्याहून जास्त वीज निर्माण करणारी इमारत ही तिची ओळख लेखालेखांतून पसरत गेली. मूळ उद्दिष्ट होतं ते. बातम्यांत त्याची वस्तुस्थिती होऊन बसली.

जॉन स्कोफिल्ड हे त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. ऊर्जा हा त्यांच्या अध्यापनाचा विषय, त्यामुळे या इमारतीचे आकडे पाहणं ओघानेच आलं. त्यांना दिसलं की ती सव्वा लाखाच्या आगेमागे, किंबहुना सुरुवातीला त्याहूनही पुष्कळ अधिक, युनिट वर्षाला खाते आहे. छपरावरच्या पॅनेलांतून वर्षाला मिळतात सुमारे ६० हजार. म्हणजे कारभार सुरळीत झाल्यावरही गरजेची निम्मीच वीज सूर्यातून, उरलेली गावाच्या तारांतून. २००२ मध्ये त्यांनी हा हिशेब अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यांच्या तक्रारीचा रोख एका यंत्रावर होता. जमिनीतली उष्णता वापरणाऱ्या या इमारतीत विजेवर चालणारा एक मोठा बॉयलरही बसवला होता. तीन-चार पट उष्णता देणारी यंत्रणा शेजारी असताना एकास एक देणारं यंत्र चालवणं म्हणजे बोअर घेऊन टँकर मागवण्यातला प्रकार. शिवाय हीट पंपांची निवड जमिनीतून येणाऱ्या थंड पाण्याला साजेशी नव्हती, असंही त्यांनी दाखवलं.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता, आणि तो आपल्यालाही लागू आहे. इमारतीच्या मीटरवर एक युनिट पडलं म्हणजे पृथ्वीवर एकाच युनिटचा भार पडला का? कोळशाच्या वीजकेंद्रात इंधनातली साधारण दोन-तृतीयांश उष्णता धुरांड्यातून आणि गार करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. मीटरवरच्या एका युनिटमागे तीन युनिटांएवढा कोळसा जळालेला असतो. त्या काळी ओहायोची वीज मुख्यतः कोळशाची. तेव्हा ‘आमच्या इमारतीत कुठलंही इंधन जळत नाही, सगळं विजेवर’ असं अभिमानाने सांगणारी संस्था जळण फक्त दूर ढकलत असते. ऑर ज्याला ‘दुसरीकडे’ म्हणत होते, ते हेच. त्यांच्याच युक्तिवादाचं टोक त्यांच्या इमारतीकडे वळलं होतं.

यानंतर जे झालं त्यासाठी मला ही इमारत महत्त्वाची वाटते. ती तपासणीसाठी उघडी राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी तिथे मोजणीची उपकरणं लावली आणि काही वर्षं नोंदी घेतल्या. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी मग वर आल्या. बॉयलर तर होताच. पण सौर यंत्रणेचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा रात्री, पॅनेल झोपलेली असताना, थोडी थोडी वीज पीत होता. रिकाम्या खोल्यांना गरम हवा मिळत होती. एकेक करून दुरुस्त्या झाल्या, यंत्रं कधी चालायची याचे नियम बदलले, आणि वापर खाली आला. नेहमीच्या तशाच इमारतीच्या तुलनेत ती बरीच काटकसरी आहे, हेही याच मोजणीने सिद्ध केलं. स्कोफिल्ड यांचे आकडे बरोबर होते आणि इमारत फसलेलीही नव्हती. नवी होती, एवढंच. आणि नव्या यंत्रणेला पहिली दोन-तीन वर्षं कोणीतरी हात धरून चालवावं लागतं, ही तरतूद बांधकामाच्या कुठल्याही अंदाजपत्रकात नसते.

२००६ मध्ये शेजारच्या वाहनतळावर आणखी १०० किलोवॉटची पॅनेल आली. गाड्यांना सावली मिळाली आणि वर्षाचा ताळेबंद फिरला: आता मिळणारी वीज वापरापेक्षा जास्त. उद्दिष्ट गाठलं, असं ऑर यांच्या बाजूने म्हणता येतं. मला मात्र यात थोडी मखलाशी दिसते. खर्च भागत नाही म्हणून शेजारच्या जागेवर उत्पन्न वाढवणं आणि खर्च घटवणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दोन मजली इमारतीला बाजूला वाहनतळ असतो. मुंबईतल्या सात मजली कॉलेजने कुठल्या जागेवर पॅनेल लावावीत?

हा वाद एका गावापुरता राहिला नाही. बांधकामांना ‘हिरवं’ ठरवणारी मानांकनं तोवर जगभर पसरली होती, आणि त्यांतली बहुतेक गुण द्यायची ते नकाशा, सामान आणि संगणकावरचा अंदाज पाहून. २००९ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या गाय न्यूशॅम आणि सहकाऱ्यांनी ‘लीड’ हे अमेरिकी मानांकन मिळालेल्या १०० इमारतींच्या प्रत्यक्ष वापराचे आकडे तपासले. सरासरीने त्या दर चौरस फुटाला १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. त्याच वेळी त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारती मानांकन नसलेल्या आपल्या जोडीदार इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या. मानांकनाची पाटी किती वरच्या दर्जाची आणि मीटर किती फिरतो, यांचा ठाम संबंधही दिसला नाही. त्याच वर्षी स्कोफिल्ड यांनी तीच माहिती मोठ्या इमारतींना त्यांच्या आकाराएवढं वजन देऊन आणि वीजकेंद्रातला कोळसा धरून पुन्हा मोजली. त्यांचं उत्तर: बचत जवळपास नाहीच.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने कार्यालयांसाठी जी तारांकन योजना आणली, तिने या बाबतीत शहाणपणा दाखवला. तिथे तारे मिळतात ते वर्षभरात प्रत्यक्ष जळलेल्या युनिटांना क्षेत्रफळाने भागून. हा भागाकार कोणालाही करता येतो. ओबर्लिनच्या इमारतीचे सुमारे १,२६० चौरस मीटर. वर्षाला १ लाख २० हजार युनिट धरले तर दर चौरस मीटरला ९५. आता आपला नेहमीचा वर्ग घ्या: ६० चौरस मीटर, ७५ वॉटचे सहा पंखे, ४० वॉटच्या आठ नळ्या. रोज सहा तास, वर्षाचे २२० दिवस. हिशेब येतो १,०१६ युनिट, म्हणजे दर चौरस मीटरला १७. जगप्रसिद्ध इमारतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! अर्थात तिथे उणे तापमानाचा हिवाळा आहे आणि इथे नाही, त्यामुळे ही बढाई मारायची गोष्ट नव्हे. पण खिडकी, व्हरांडा, उंच छत आणि पंखा यांवर चालणाऱ्या आपल्या जुन्या कॉलेज इमारती पाडून, तिथे वातानुकूलित काचेची पेटी बांधून तिच्यावर हिरवी पाटी लावायची, याला बचत म्हणताना हा १७चा आकडा समोर ठेवावा.

ओबर्लिनमध्ये मोजणीची सवय पुढे विद्यार्थ्यांपर्यंत गेली. लुइस सेंटरमध्ये वीज आणि पाण्याचे आकडे क्षणाक्षणाला पडद्यावर दिसत. तीच कल्पना २००५ मध्ये वसतिगृहांत नेली, आणि दोन आठवड्यांची स्पर्धा लावली. विजेचा वापर ३२ टक्क्यांनी घसरला. ज्या वसतिगृहांत आकडे तत्काळ दिसत होते तिथली घट ५५ टक्के, जिथे आठवड्यातून एकदा मीटर वाचून सांगितलं जाई तिथे ३१ टक्के. पाण्याची बचत मात्र अवघी ३ टक्के. दिवा बंद करणं सोपं, आंघोळ कमी करणं अवघड. दोन आठवड्यांच्या चुरशीतली बचत वर्षभर टिकते असं मानायचं कारण नाही. तरी प्रत्येक वसतिगृहाला स्वतंत्र मीटर असल्याशिवाय हा प्रयोग सुरूच झाला नसता. आपल्याकडे पुष्कळ कॉलेजांना उच्चदाबाची एकच जोडणी असते आणि सबंध आवाराचं मिळून एक बिल येतं. प्रयोगशाळा किती खाते, वसतिगृह किती, ग्रंथालय किती, हे प्राचार्यांनाही सांगता येत नाही. सौर पॅनेलचा प्रस्ताव मांडण्याआधी दर इमारतीला सब-मीटर बसवावा. तो पॅनेलच्या मानाने फार स्वस्त पडतो.

कॉलेजने २०२१ पासून सबंध आवारच बदलायला घेतलं. शंभर वर्षं जुनी वाफेची नळव्यवस्था काढून तिच्या जागी कमी तापमानाच्या गरम पाण्याची घातली, आणि उष्णतेसाठी पुन्हा जमिनीकडे वळले. लुइस सेंटरचे बोअर २४ होते. या वेळी ते शेकड्यांनी घेतले, प्रत्येकी ६०० फूट खोल. हे पंप विजेवर चालणार, म्हणजे स्कोफिल्ड यांचा दुसरा आक्षेप पुन्हा दारात. मधल्या काळात त्याचं उत्तर बदललं होतं. गावाची वीज नगरपालिकेची स्वतःची आहे, आणि २००८ मध्ये नव्या कोळसा केंद्रात भागीदारी करायची की नाही हा प्रश्न नगरसभेपुढे आला तेव्हा तिने नकार दिला. आज ओबर्लिनच्या तारांतली बहुतेक वीज कचरा डेपोतून निघणारा वायू, जलविद्युत, वारा आणि ऊन यांपासून येते.